बाल्साचा हंटर विजेवर उडवताना



मी हवाईदलात वीस वर्षे एअरफ्रेम फिटर होतो आणि त्यातली बरीच वर्षे हंटर विमानांवर गेली. आता म्हैसूरला असतो. नातू आपल्याच शाळेत नववीत आहे. मराठी पानासाठी काहीतरी लिहून द्या, असे त्याने सांगितले. त्याला बहुधा युद्धकथा हवी होती. मी मात्र आमच्या माळ्यावरच्या एका खोक्याबद्दल लिहिणार आहे.

2023 च्या दसऱ्यात बन्नीमंटप मैदानावर सूर्यकिरण पथकाच्या कसरती झाल्या. नातू सुट्टीवर होता, दोघे मिळून गेलो. परत येताना मी त्याला सांगितले की सूर्यकिरण 1996 मध्ये सुरू झाले, त्याआधी थंडरबोल्ट्स नावाचे पथक होते आणि ते हंटर उडवायचे. घरी आल्यावर पुरावा म्हणून माळ्यावरून खोका काढला. आत बाल्सा लाकडाचा हंटरचा किट होता. 1981 साली पगारातून घेतलेला, एकदाही न जोडलेला. नातवाने आराखडा जमिनीवर पसरला आणि विचारले, "आजोबा, हा उडतो का?"

उडायचा, पण वेगळ्या मोटरवर. जेटेक्स नावाची एक मोटर 1948 मध्ये इंग्लंडमध्ये निघाली. छोट्या धातूच्या नळीत घन इंधनाची वडी घालायची, वात पेटवायची आणि विमान सोडून द्यायचे. काही सेकंद जोर मिळे, पुढे विमान तरंगत कुठेही उतरे. त्या मोटरी आता मिळत नाहीत. शिवाय पेटते विमान सुकलेल्या गवतावर सोडणे मला तेव्हाही पटत नव्हते. म्हणून ठरवले की विजेवर चालवायचे आणि रेडिओने वळवायचे.

खऱ्या हंटरमध्ये रोल्स-रॉईसचे एव्हॉन इंजिन. ते हवा दाबते, इंधन जाळते आणि तापलेला वायू मागे फेकते. आमच्या हंटरमध्ये जळणारे काही नाही. नळीच्या आत 50 मिलिमीटर व्यासाचा, बऱ्याच पात्यांचा पंखा आणि त्याला जोडलेली छोटी ब्रशलेस मोटर. याला डक्टेड फॅन म्हणतात. पुढून हवा घ्यायची, मागून वेगाने सोडायची, बस्स. इथे हवा हेच सगळे भांडवल, आणि ती आत येण्याची वाट अरुंद असेल तर मोटर कितीही महाग घ्या, उपयोग नाही. हे वाक्य मी आज सहज लिहितो आहे. डिसेंबरात मला ते मान्य नव्हते.

आधी वजनाचे सांगतो. पंखांची लांबी 64 सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या हंटरच्या सोळाव्या भागाएवढी. पंखांचे क्षेत्रफळ साधारण साडेबारा चौरस डेसिमीटर. अशा विमानाला दर चौरस डेसिमीटरला 27-28 ग्रॅमपेक्षा जास्त ओझे देऊ नये. त्यापुढे हाताने फेकून उडवणे अवघड होते. म्हणजे एकूण वजन 350 ग्रॅमच्या आत. नातवाने स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ताब्यात घेतला (त्याच्या आजीला तो अजून नीट परत मिळालेला नाही) आणि प्रत्येक वस्तू जोडण्याआधी तोलली. सांगाडा आणि वरचे आवरण 120 ग्रॅम, पंखा मोटरसह 65, स्पीड कंट्रोलर 28, तीन सेलची 1000 मिलिअँपिअर-अवर लायपो बॅटरी 85, तीन सर्व्हो 18, रिसीव्हर 6, हवेच्या नळ्या 12, तारा आणि काड्या 8. बेरीज 342.

चाळीस वर्षांत बाल्सा वाळून ठिसूळ झाला होता. पंखांच्या रिब चांगल्या निघाल्या, पण लांब पट्ट्या वाकवताच मोडत होत्या, त्या नव्या घातल्या. फॉर्मर, म्हणजे धडाच्या आतले आडवे गोल तुकडे, मधोमध भरीव होते. त्यांतून नळी जायची म्हणून आतून कापून कडी केल्या, आणि कापलेली ताकद परत मिळावी म्हणून दोन्ही बाजूंना पातळ बाल्साची कातडी चढवली. पंखांच्या मागच्या कडा कापून एलेरॉन केले, शेपटीला एलेव्हेटर. रडर ठेवले नाही, चाकेही नाहीत. गवतावर पोटाने उतरायचे. बॅटरी नाकात, कारण पंखा मागे असल्याने गुरुत्वमध्य मागे सरकतो. आराखड्यावर तो जिथे दाखवला होता तिथे बोटांवर तोलून पाहिला आणि बॅटरी पुढेमागे करून जुळवला. शेपटी जड असलेले विमान दुरुस्त करण्याची संधी देत नाही, हे ठाऊक असल्याने इथे मी अजिबात घाई केली नाही.

घाई दुसरीकडे केली.

हंटरची हवा घेण्याची तोंडे पंखांच्या मुळाशी असतात, तिकोनी. दिसायला फार देखणी. आमच्या मॉडेलवर दोन्ही मिळून त्यांचे क्षेत्रफळ सुमारे 1100 चौरस मिलिमीटर भरले. पंख्याचे, मधला गड्डा वजा जाता, 1650. मॉडेलवाल्यांचा ठोकताळा असा की तोंडाचे क्षेत्रफळ पंख्याएवढे तरी हवे आणि मागचे भोक पंख्याच्या 80 ते 90 टक्के. मागचे आम्ही बरोबर केले होते. ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक शीट गुंडाळून निमुळती नळी केली, टोकाला 42 मिलिमीटर व्यासाची. पुढचे मात्र दोन-तृतीयांशच होते.

त्यात म्हैसूरची हवा. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 770 मीटर उंच आहे. तेवढ्याने हवा जवळपास 7 टक्के विरळ होते, आणि दुपारी तापमान 33 अंशांवर गेले की 15 अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेत तूट 14 टक्क्यांपर्यंत जाते. विरळ हवेत पंखा कमी वस्तुमान मागे फेकतो. मोटर जरा जास्त वेगाने फिरून थोडी भरपाई करते, पूर्ण नाही. पंख्याच्या डबीवर 350 ग्रॅम जोर लिहिला होता. आमच्या गच्चीवर नुसता पंखा काट्याला लावला तेव्हा 320 आला. इतपत अपेक्षितच होते.

मग पंखा विमानात बसवून मोजले. विमान नाक खाली, शेपटी वर असे लाकडी चौकटीत उभे करायचे, चौकट काट्यावर, काटा शून्यावर. झोत वर जातो आणि काटा जोर दाखवतो. नातू म्हणाला, "आजोबा, 190 येतंय."

मी म्हटले, "जमिनीवर तसंच येणार. हवेत वेग आला की समोरून हवा आपोआप आत दाबली जाते."

हे खोटे नाही. खऱ्या जेटमध्ये असे होते आणि आयुष्यभर मी तेच पाहिले होते. पण ताशी 30 किलोमीटरला, म्हणजे आमचे विमान हातातून सुटते त्या वेगाला, समोरून येणाऱ्या हवेचा दाब जेमतेम 40 पास्कल असतो. पंख्याने मागे फेकलेल्या झोताचा वेग सेकंदाला 40 मीटरच्या आसपास हवा, आणि त्यासाठी लागणारा दाब 900 पास्कलच्या पुढे. ज्या क्षणी मदत हवी त्या क्षणी ती शंभरात चारच मिळते. हे गणित अकरावीच्या भौतिकशास्त्राचे आहे. नातू नववीत असून त्याने आकडा मांडला. मला तो कळत असूनही मी मांडला नाही. पोटाखाली भोक पाडा, असे तो म्हणत होता. मला ते विद्रूप वाटले. हंटरच्या पोटाखाली तिथे भोक नसते.

हवाईदलात विमान उड्डाणाला देण्यापूर्वी फॉर्म 700 वर तंत्रज्ञाची सही होते. नातवाने वहीत तसाच तक्ता आखला होता. जोराच्या रकान्यात 190 लिहून त्याने वही पुढे केली. मी सही केली.

आता जागेबद्दल, कारण पालक हे विचारतील. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची, छंदासाठी किंवा शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेली मॉडेल विमानेही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचे नाही, 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे 400 फुटांपर्यंतच. लाल क्षेत्रे निराळी. निघण्यापूर्वी डिजिटल स्कायच्या नकाशावर जागा तपासावी. आमचा मंडकळ्ळी विमानतळ शहराच्या दक्षिणेला आहे, म्हणून आम्ही बन्नूर रस्त्याला लांब गेलो. कापणी झालेली भाताची खाचरे होती. मालकाला विचारले, त्याची एकच अट, की त्याच्या मुलांना बघू द्यावे.

पंख्याच्या विमानाची एक खोड समजून घ्या. समोर प्रोपेलर असलेल्या विमानात त्याचा वारा शेपटीवरून वाहतो, त्यामुळे वेग कमी असतानाही एलेव्हेटर ऐकतो. डक्टेड फॅनचा झोत शेपटीच्या खालून निघून जातो. सुटल्यावर पहिले दोन-तीन सेकंद विमान फक्त फेकीच्या वेगावर असते. त्या वेळी नाक सरळ ठेवायचे, काठी ओढायची नाही.

नातवाने फेकले. फेक चांगली होती. विमान सरळ गेले, मग हळूहळू खचू लागले. जोर कमी पडत होता. जमीन जवळ आली आणि मी काठी ओढली. नाक वर गेले, डावा पंख पडला. मी म्हटले, "फेक कमी पडली." नाक थोडेच दबले होते. दुसऱ्यांदा फेकले आणि तसेच झाले, पण या वेळी बांधावर. पहिले तीन फॉर्मर गेले, बॅटरीच्या टोपणाचा भुगा झाला. शेतकऱ्याची मुले तुकडे गोळा करून आणत होती. नातू काही बोलला नाही, वही पिशवीत ठेवली. गाडीत मीच म्हटले, "सही माझी होती." तो म्हणाला, "हो."

सुट्टी संपून तो शाळेत गेला. नाक मी एकट्याने बांधले. मग पोटाखाली, पंख्याच्या जरा पुढे, 30 गुणिले 20 मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे आणखी 600 चौरस मिलिमीटर. कडा धारदार ठेवल्या तर हवा तिथेच उखडते, म्हणून पातळ बाल्साची पट्टी भिजवून, वाकवून, घासून कडा गोल केल्या. तिकोनी तोंडांच्या ओठांचेही तसेच. काट्यावर 270 आले. विमानाचे वजन 351 झाले होते. म्हणजे वजनाच्या निम्म्याहून किंचित जास्त असलेला जोर आता तीन-चतुर्थांशाच्या वर गेला. आकडा पत्रातून कळवला.

लायपो बॅटरीबद्दल पालकांना थोडक्यात. चार्जिंग मोठ्यांच्या समोर, फरशीवर, तिच्यासाठीच असलेल्या बॅलन्स चार्जरवर. सेलमागे 4.2 व्होल्टच्या वर नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. नुसती ठेवून द्यायची तर सेलमागे 3.8 व्होल्ट. आणि रेडिओचा फेलसेफ लावून ठेवावा, म्हणजे संपर्क तुटताच पंखा बंद होतो. तो खरोखर लागला आहे का हे विमान घट्ट धरून, ट्रान्समीटर बंद करून पाहावे. बोटे पंख्याच्या तोंडापासून लांब.

मे 2024 मध्ये नातू आला. पहाटे साडेपाचला निघालो, कारण तेव्हा हवा थंड आणि घट्ट असते, वाराही नसतो. खाचर तेच. या वेळी ट्रान्समीटर त्याच्या हातात आणि फेकणारा मी. विमान हातातून सुटले, हातभर खचले आणि मग चढू लागले. पूर्ण जोरात मोटर सुमारे 22 अँपिअर ओढते. त्या हिशोबाने बॅटरी अडीच मिनिटांतच संपेल. थ्रॉटल अर्ध्यावर आणून त्याने तीन मिनिटांचा गजर लावला होता. चार फेऱ्या झाल्या. वळताना उन्हात पंखांची ती जुनी, ओळखीची आकृती दिसली आणि मी काही वेळ सूचना द्यायला विसरलो. गजर वाजल्यावर त्याने खाचरात पोटावर उतरवले. भोकात माती शिरली, बाकी काही नाही.

वहीत त्याने नोंद केली: डावीकडे झुकते, उजवा ट्रिम दोन टिचक्या. सहीसाठी वही पुढे केली. मी सही केलेली नाही. डाव्या एलेरॉनची बिजागरी आधी उघडून बघायची आहे.