खुडूक की आजारी? आधी डालग्याखाली ठेवा!

तर मंडळी, आज माझीच एक चूक सांगतो. माझ्याकडे अकरा गावठी कोंबड्या. त्यातली एक पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. म्हटलं, खुडूक झाली असेल. पण खुडूक कोंबडी हात लावला की चिडते, टोचा मारते. ही मान टाकून बसलेली, हगवण हिरवट. दोन दिवस तिला खुराड्यातच ठेवली. डॉक्टरांनी बघून सांगितलं, मानमोडी, म्हणजे राणीखेत. पंधरा दिवसांत सात गेल्या.

हा विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. म्हणून कोंबडी गप्प दिसली की आधी वेगळी करायची, डालग्याखाली, दूर. दाणापाणी आधी निरोगी कोंबड्यांना, मग तिला, आणि हात साबणाने धुवायचे. मेलेली उकिरड्यावर नाही, चुना टाकून खोल पुरायची. आजारी कोंबडी बाजारात नेऊन विकायची तर अजिबात नाही, रोग दुसऱ्याच्या दारात जातो. पटापट मरायला लागल्या तर दवाखान्यात कळवा, बर्ड फ्लूही असू शकतो.

लस फक्त निरोगी पक्ष्यांना. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. लस बर्फातूनच आणा हं, खिशातून नाही.

उरलेल्या चारपैकी दोघी परत अंडी देतायत. एकीचं कवच अजून मऊच येतंय.