आजारी नसलेला रुग्ण

शाळा बुडविण्यासाठी पोट दुखत असल्याचे सोंग तुमच्यापैकी कोणी ना कोणी केलेच असेल! पण असेच सोंग वठविण्याबद्दल काही लोकांना मेहनताना मिळतो आणि त्यातून चांगले डॉक्टर तयार होतात, असे सांगितले तर?

डॉक्टरकी नुसती पुस्तके वाचून येत नाही. रुग्णाला काय विचारावे, कसे तपासावे, याचा सराव लागतो. पण तो करावयाचा कोणावर? एकाच आजारी माणसाला दहा विद्यार्थ्यांनी तपासले, तर तो बिचारा थकून जाईल. शिवाय परीक्षेत तो सकाळी एक सांगेल, दुपारी दुसरेच. मग गुण द्यावयाचे कसे?

अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांना एक गमतीदार अनुभव आला. परीक्षेसाठी बोलाविलेल्या एका रुग्णाने त्यांना सांगितले, की एक परीक्षार्थी आपल्याशी उद्धटपणे वागला, म्हणून आपण एका पायाचे लक्षण मुद्दाम दुसऱ्या पायावर दाखविले! आता विचार करा. रुग्णाला लक्षणे बदलून दाखविता येतात, तर निरोगी माणसाला ती शिकविता का येणार नाहीत?

१९६३ साली लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात बॅरोज यांनी हा प्रयोग केला. चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेल स्त्रीला त्यांनी दोन्ही पाय लुळे पडलेल्या आणि एका डोळ्याने न दिसणाऱ्या रुग्णाची भूमिका शिकविली. तळपायावरून बोथट वस्तू ओढली, की निरोगी मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून पायाकडे येणारे मज्जामार्ग बिघडले असतील, तर तो वर वळतो. हे लक्षणही ती हुबेहूब दाखवी! विद्यार्थ्याने काय विचारले, काय तपासले, हे ती ध्यानात ठेवी व नंतर सांगे. १९६४ साली बॅरोज आणि स्टीफन अब्राहमसन यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांनी मात्र 'वैद्यकशाळेत हॉलिवूड घुसले' अशा थाटात तिची थट्टा केली.

पण पद्धत टिकली. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी नवी परीक्षा मांडली. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे काम करतो. अशा परीक्षांत पुढे हे रुग्ण सर्रास दिसू लागले. त्यांना 'प्रमाणित रुग्ण' म्हणतात, कारण पहिल्या विद्यार्थ्याला जी हकिगत सांगायची, तीच शेवटच्यालाही.

अर्थात, अभिनयाला मर्यादा आहेत. ताप किंवा हृदयातील बिघाडाचा आवाज यांचे सोंग आणता येत नाही. त्यासाठी खरे रुग्णच हवेत. पण एक गोष्ट हे नटच उत्तम शिकवितात. तपासणी संपली, की ते सोंग उतरवून विद्यार्थ्याला सांगतात, "तू वाईट बातमी सांगितलीस, पण माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाहीस." भेदरलेला खरा रुग्ण असे बोलून दाखवील का? आणि ही चूक येथेच सुधारली, तर पुढे एखाद्या खऱ्या आईला ती सोसावी लागत नाही.

तुम्हीही करून पाहा. मित्राला एखादे दुखणे ठरवायला सांगा आणि पाच मिनिटे प्रश्न विचारा. मग त्याला विचारा, "मी तुझे नीट ऐकले का?" उत्तर ऐकून कदाचित चकित व्हाल!