मोडलेलं विमान, जोडणारे हात

माझे अब्बा सायकली दुरुस्त करायचे. कुणी भंगारातली सायकल आणली, की ते आधी विचारायचे, ‘‘कुणाची होती?’’ ‘‘वडिलांची,’’ असं उत्तर आलं, की मजुरीची घासाघीस नसायची. अमेरिकेतल्या ‘डॉक’ विमानाची हकीकत वाचताना मला अब्बांचा तो प्रश्न आठवला.

डॉक हे बी-२९ जातीचं बॉम्बफेकी विमान. कान्सास राज्यातल्या विचिटा शहरी, बोइंगच्या कारखान्यात ते तयार झालं. १९४५ साली लष्कराला मिळालं, पण लढाईवर कधी गेलं नाही. पुढे काही वर्षं रडारची कामं केली आणि अखेर कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, बॉम्बफेकीच्या सरावासाठी निशाणा म्हणून ते नेऊन ठेवलं. १९८७ मध्ये टोनी माझोलिनी यांनी ते शोधून काढलं. सरकारकडून ते मिळवण्यातच दहाहून अधिक वर्षं गेली. २००० साली त्याचे सुटे केलेले भाग ट्रकांवर लादून विचिटाला, म्हणजे माहेरीच, आणले.

कामाला आले ते बहुतेक स्वयंसेवक. त्यांत कारखान्यातून निवृत्त झालेले कारागीर पुष्कळ. पंखांची लांबी १४१ फूट, इंजिनं चार. पत्रा उघडायचा, गंज शोधायचा, तारा आणि नळ्या बदलायच्या. जो भाग आता बाजारात मिळत नाही तो स्वतः घडवायचा. पत्रे जोडायचे ते रिव्हेटनं, आणि ते काम दोघांचं. एकानं बाहेरून यंत्रानं ठोकायचं, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. युद्धकाळात याच विमानाला रिव्हेट मारणारी एक मुलगी, म्हातारपणी पुन्हा त्याच्याच दुरुस्तीला स्वयंसेवक म्हणून आली!

मध्यंतरी काम रखडलं. २०१३ मध्ये नवी संस्था उभी राहिली, २०१५ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली गेली. १७ जुलै २०१६ रोजी डॉक उडालं. त्यामागे स्वयंसेवकांचे लाखो तास होते. जवळजवळ चार हजार बी-२९ बनली. त्यांतली आज उडू शकणारी फक्त दोन.

तुम्ही म्हणाल, एका कवीला बॉम्बफेकी विमानाचं एवढं कौतुक कशाला? हा प्रश्न मलाही टोचतो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं विमान याच जातीचं होतं. आपला देशही यापासून फार दूर नव्हता. १९४४ मध्ये खरगपूर आणि आसपासच्या धावपट्ट्यांवरून बी-२९ उडत होती. त्यांची पहिली लढाऊ मोहीम तिथूनच बँकॉकवर गेली.

मग हे विमान गंजून जाऊ द्यायचं का? मला नाही तसं वाटत. गंजून गेलेल्या वस्तूबद्दल कुणी काही विचारत नाही. विमान डोक्यावरून घरघरत गेलं, की नातू आजोबांना विचारणारच, ‘‘हे कशाचं?’’ आजोबांनी मात्र उत्तर अर्धं देऊ नये. रिव्हेट मारणाऱ्या मुलींची हिंमत सांगावी, आणि हिरोशिमात होरपळलेल्या मुलांचीही गोष्ट सांगावी.

एवढं कबूल असेल, तर त्या वर्गणीत माझ्याही एका रिव्हेटचे पैसे धरा. अब्बा असते तर म्हणाले असते, ‘‘कुणाची होती, ते सांगा. मजुरीचं पुढे बघू.’’