परराष्ट्रसंबंधांचा अभ्यास : अर्ज कोठें करावे?

गिरगांव-दादरच्या सुशिक्षित घरांत अलीकडे एक नवा प्रश्न उभा राहूं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, "मला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकावयाचा आहे." वडील मंडळी विचारतात, "यानें पोट भरेल काय?" मुलांच्या मुखीं दूरदूरच्या विद्यापीठांचीं नांवें असतात. या वादांत दिवस निघून जातात आणि अर्जांची यादी घाईघाईनें, दुसऱ्याच्या यादीवरून उतरविली जाते. ही यादी नीट तोलून कशी करावी, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परराष्ट्र सेवेंत शिरण्यास याच विषयाची पदवी लागते असें नाहीं. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस कोणत्याही विषयाचा पदवीधर बसूं शकतो. २०१८ ते २०२० या काळांत परराष्ट्र सचिव असलेले श्री. विजय गोखले हे इतिहासाचे एम. ए. होत. तेव्हां पदवीपर्यंत इतिहास, राज्यशास्त्र वा अर्थशास्त्र आणि जोडीस एक परकी भाषा, एवढी शिदोरी पुरेशी आहे. हें ध्यानीं धरलें म्हणजे यादीवरचें निम्में ओझें उतरतें.

यादीचे तीन भाग करावे. पहिला भाग घराजवळचा. माटुंग्याचें रुइया, चौपाटीवरचें विल्सन, धोबीतलावाजवळचें सेंट झेवियर्स, दादरचें कीर्ति, हीं महाविद्यालयें आपल्या पायांखालचीं आहेत. ज्या महाविद्यालयांत बारावी झाली, तेथील मुलांस पदवीच्या वर्गांत बहुधा प्रथम जागा मिळते. म्हणून तें नांव यादींत हवेंच. त्याशिवाय आणखी दोन नांवें घ्यावीं.

दुसरा भाग देशांतील अन्य विद्यापीठांचा. दिल्ली विद्यापीठ व जवाहरलाल नेहरू विद्यापीठ यांचे पदवीप्रवेश २०२२ पासून सामाईक प्रवेश परीक्षेवर होतात. तिचा अर्ज बारावीचा निकाल लागण्यापूर्वींच भरावा लागतो. निकालानंतर जागे होणाऱ्यांस हें दार बंद असतें. नेहरू विद्यापीठांतील आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या विभागाचें मूळ १९५५ मध्यें स्थापन झालेल्या संस्थेंत आहे. मात्र त्याचें दार एम. ए.च्या पायरीवर उघडतें, बी. ए.ला तेथें मुख्यतः परकीय भाषा शिकवितात. हें ठाऊक नसलें म्हणजे नांवाच्या मोहानें एक अर्ज व्यर्थ जातो. खाजगी विद्यापीठांत हा विषय पदवीपासून शिकवितात. पण शुल्काचा आंकडा पाहिल्यावांचून त्यांचें नांव कागदावर चढवूं नये.

तिसरा भाग परदेशचा. विलायतेंत एकाच अर्जांत पांच अभ्यासक्रम मागतां येतात. परंतु ऑक्सफर्ड व केंब्रिज हीं दोन्हीं एका वर्षीं मागतां येत नाहींत, आणि त्यांची मुदत आदल्या ऑक्टोबरांतच संपते. केवळ कीर्तीच्या मागें जाऊं नये. या विषयाचें जगांतील पहिलें अध्यासन १९१९ मध्यें स्थापन झालें, तें लंडनमध्यें नव्हे, तर वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ या समुद्रकांठच्या लहान गांवीं!

आतां मुख्य गोष्ट. गुणांचा तोल सारेच सांभाळतात. पैशाचा तोल मात्र पुष्कळांकडून सुटतो. परळच्या चाळींत राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयांतून बी. ए. होऊन, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१६ मध्यें लंडनला पोहोंचले. शिष्यवृत्तीची मुदत संपतांच १९१७ मध्यें त्यांस अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. सिडनॅम महाविद्यालयांत शिकवून पैसा गांठीं बांधला, तेव्हां १९२० मध्यें ते पुनः लंडनला जाऊं शकले. एवढ्या थोर बुद्धीसही जें अडलें, तें गुणांसाठीं नव्हे, द्रव्यासाठीं.

म्हणून प्रत्येक नांवापुढें पहिल्या वर्षाचें शुल्क नव्हे, तर सर्व वर्षांचा राहण्याजेवण्यासह खर्च मांडावा, आणि तो कागद आजोबांपासून काकूंपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावा. एकत्र कुटुंबांत एकाचें कर्ज तें सर्वांचें कर्ज. थोरल्याच्या परदेशगमनापायीं धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा वाटा नकळत खर्ची पडतो, आणि तिला तें कोणी विचारीतही नाहीं. तिच्या समक्ष जो खर्च बोलून दाखवितां येत नाहीं, तो यादींत नसावा.

आमच्या मतें घरचीं तीन, देशांतील दोन-तीन व परदेशचीं एक-दोन, एवढीं नांवें पुरेत. मात्र जेथें जाण्यास मूल मनांतून राजी नाहीं, असें एकही नांव त्यांत नसावें. मग तें यादींतलें अगदीं तळचें कां असेना. पदवी येथें घेऊन एम. ए.स बाहेर जाणें हा कमीपणा नव्हे. तोंवर काळा घोड्यास जर्मनचे वर्ग आहेत, आणि रोजच्या वृत्तपत्राचें परदेशच्या बातम्यांचें पान तर घरांतच येतें.