जमिनीतली उष्णता आणि आपले रंगाईचे कारखाने

डोंबिवली, मानपाडा, भिवंडी या भागात कापड धंद्यावर हजारो घरांची चूल पेटते. रंगाई, धुलाईला गरम पाणी लागते आणि बॉयलरचे इंधन नफा खाऊन टाकते. मग जमिनीतली फुकटची उष्णता वापरता येणार नाही का?

आपल्याच ठाणे जिल्ह्यात अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरी येथे गरम पाण्याचे झरे आहेत. पाणी सुमारे ५० अंश असते. रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथे ते ७० अंशांच्या आसपास आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तापते आणि वर येते. येथे ज्वालामुखी नाही.

इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर प्रथम दिवे लागले. आइसलँडमध्ये रेक्याविक शहराची घरे १९३० पासून अशा पाण्याने गरम होऊ लागली. तुर्कस्तानात टॉवेलसाठी प्रसिद्ध असलेल्या देनिझली शहराजवळ किझिलदेरे येथे १९८४ साली वीज केंद्र सुरू झाले. तेथे विहिरींच्या नळांत चुन्याचा थर साचण्याचा त्रास फार झाला.

कोकणात घरे गरम करण्याची गरज नाही. विजेसाठी ५० अंशांचे पाणी अपुरे आहे. अलास्कात चेना येथे ७४ अंशांवर वीज होते, पण तेथे यंत्र थंड करायला बर्फासारखे पाणी मिळते. आपल्याकडे हवाच तीस अंशांची! खोल गेल्यास उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विहीर खोदली गेली. पण असे काम सरकारी तिजोरीला झेपते, एकट्या कारखानदाराला नाही. शिवाय खोदल्यावर पाणी लागेलच याची हमी कोण देणार? केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भू-औष्णिक ऊर्जेचे धोरण जाहीर केले आहे. पुढाकार तेथूनच यायला हवा.

रंगाईचा हिशेब मात्र सरळ आहे. हजार लिटर पाणी ३० वरून ८० अंशांवर न्यायला ५० हजार किलोकॅलरी लागतात. तेच पाणी आधी ४५ अंशांवर आणले तर ३५ हजार पुरतात, म्हणजे तीस टक्के बचत. झऱ्याचे पाणी खारट व जड असल्याने ते थेट हौदात घालता येणार नाही, रंग बिघडेल. त्याची फक्त उष्णता हीट एक्स्चेंजरमधून घ्यावी लागेल. कारखानाही विहिरीजवळच हवा. वापरलेले पाणी तानसा नदीत न सोडता परत जमिनीत सोडावे लागेल. आणि उपशाने अकलोलीची कुंडे आटली तर तेथील दुकानदारांच्या पोटावर पाय येईल. त्यांना विचारल्याशिवाय हे काम होऊ नये.

तोपर्यंत आपल्या बांधवांनी एक गोष्ट पाहावी. रंगाईनंतर जे पाणी आपण गटारात सोडतो, ते बहुधा या झऱ्यांपेक्षा जास्त गरम असते. तोच हीट एक्स्चेंजर गाळणीसह तेथे बसवला, तर विहीर न खोदता बचत आजपासून सुरू होते. आधी थर्मामीटर घेऊन आपले गटार मोजा, मग पाताळाचा विचार करू.