परदेशी शिकायला जाण्यापूर्वी प्रकृतीची तयारी

बारावीचा निकाल लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, 'डॉक्टरसाहेब, पोराला शिकायला बाहेरदेशी पाठवायचे आहे, प्रकृतीच्या दृष्टीने काय काय करावे?' पूर्वी हा प्रश्न नागपूर-पुण्याकडचा होता. आता दवनीवाड्यासारख्या गावातील घरांतूनही रशिया, किर्गिझस्तान येथील वैद्यकीय शिक्षणाची, ब्रिटन-जर्मनीतील पदव्युत्तर शिक्षणाची चौकशी होते. पैशाची आणि कागदपत्रांची जुळवाजुळव वर्षभर चालते; शरीराची तयारी मात्र बॅग भरताना आठवते. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

परदेशी शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांत डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्या अमेरिकेत गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारे स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ साल उजाडले. आज हा रोग ठराविक महिने नियमित औषध घेतल्यास पूर्ण बरा होतो. तेव्हा आज क्षयाने विद्यार्थी दगावण्याचे कारण औषधाचा अभाव नसून बहुधा रोग लपवणे किंवा उपचार अर्धवट सोडणे हे असू शकते.

क्षयाचा जंतू आपल्याकडे अनेकांच्या शरीरात निद्रिस्त असतो. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधी आजार होत नाही. पण अपुरा आहार, मधुमेह अशा कारणांनी प्रतिकारशक्ती ढासळली की तो डोके वर काढतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यांपैकी काही असेल तर जाण्यापूर्वीच तपासून घ्यावे. सहा महिन्यांहून अधिक काळासाठी ब्रिटनला जाणाऱ्या भारतीयांना व्हिसासाठी मान्यताप्राप्त केंद्रातून छातीच्या एक्स-रेसह ही तपासणी करावीच लागते.

आपल्या भागासाठी दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आनुवंशिक दोष बऱ्याच कुटुंबांत आढळतो. मध्यंतरी एक पालक मला म्हणाले, 'मुलीचा सिकलसेलचा कागद फाईलमध्ये लावत नाही, उगीच व्हिसा अडेल.' मुलगी केवळ वाहक होती. मी त्यांना सांगितले की वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी सिकलसेलची तपासणी मागतही नाहीत. उलट तो कागद मुलीजवळ असलाच पाहिजे. वाहकाला एरवी त्रास होत नाही. मात्र उंच पहाडावर किंवा पाण्यावाचून अति श्रम केल्यास धोका संभवतो. प्रत्यक्ष रुग्णाची गोष्ट वेगळी. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि प्राणवायू कमी पडणे या तिन्हींमुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. विमानातील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका असतो. म्हणून रुग्णाने आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊनच प्रवास करावा, वाटेत भरपूर पाणी प्यावे आणि उबदार कपडे घालावेत. भारतीय विद्यार्थ्याचे सांधे दुखतात म्हटल्यावर तेथील डॉक्टरांना सिकलसेल लगेच सुचेलच असे नाही. ते आपणच सांगितले पाहिजे.

तसेच हिवतापाचे. त्याच्या एका प्रकारात जंतू यकृतात दडून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप येतो. परदेशात थंडी वाजून ताप आल्यास 'मी हिवतापाच्या प्रदेशातून आलो आहे' हे वाक्य डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे. त्यामुळे रक्ताची योग्य तपासणी वेळेत होते.

लसींसाठी निदान सहा महिने हाताशी ठेवावेत. कावीळ-ब प्रतिबंधक लसीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिने या क्रमाने घेतात. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे गोवर, गालगुंड व रुबेला लसीच्या दोन डोसांचा लेखी पुरावा मागतात. या दोन डोसांत निदान २८ दिवसांचे अंतर लागते. लहानपणीचे कार्ड हरवले असेल तर लस पुन्हा घेण्याने सहसा अपाय होत नाही.

आता जेवणाविषयी. आपला जिल्हा धानाचा. तांदूळ परदेशातही मिळतो, पण डाळ-भाजी करण्याचा कंटाळा येतो आणि पोरे पाव व नूडल्सवर दिवस काढतात. अशाने रक्तक्षय होतो. तेव्हा मुलगा असो की मुलगी, कुकर लावणे आणि वरण-भाजी करणे घरीच शिकवून पाठवा. ब्रिटनसारख्या देशात ऑक्टोबर ते मार्च या काळात त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्याइतके ऊन पडत नाही, सावळ्या त्वचेला तर ते अधिकच कमी पडते. त्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे, असा तेथील आरोग्यसेवेचा सल्ला आहे.

लांबलेल्या अंधाऱ्या हिवाळ्याचा मनावरही परिणाम होतो. झोप बिघडणे, वर्गात न जाणे, फोन टाळणे ही आळसाची नव्हे, खिन्नतेचीही लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरच्यांनी 'इतका पैसा लावला आणि तू हे काय करतोस' असे म्हणू नये. विद्यापीठात बहुधा समुपदेशक असतात. त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही, हे आईवडिलांनीच आधी सांगून ठेवावे.

शेवटी, पुढील गोष्टी एका पाकिटात घालून हातातल्या बॅगेत ठेवाव्यात : रक्तगट व सिकलसेलचा अहवाल, लसींची नोंद, जुन्या आजाराचे कागद, आणि नेहमीची औषधे मूळ वेष्टनासह. औषधाच्या कंपनीच्या नावाबरोबर मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठीही हवी. आरोग्य विम्याचा अर्ज भरताना जुना आजार लपवू नये. लपवलेला आजार उघडकीस आला तर विमा कंपनी खर्च नाकारू शकते, आणि परदेशातील दवाखान्याचे बिल शेत विकूनही फिटेलच असे नाही.