ज्यूट ते सिमेंट : कामगारांच्या शिक्षणाचा मागोवा

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी तालुक्यात, मुकुटबनला, २०२२ साली वार्षिक ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला. त्याची मालकी ‘बिर्ला कॉर्पोरेशन’ समूहाकडे आहे. या कंपनीचा आरंभ १९१९ मध्ये कोलकात्यात ज्यूटच्या धंद्यातून झाला. तेव्हापासून कामगाराची लायकी ठरवण्याचे माप पार बदलले.

त्या काळच्या ज्यूट गिरण्यांत भरती सरदारामार्फत होई. बिहार-ओडिशातून तो आपल्या ओळखीची माणसे आणी. शिक्षण विचारायचे कारणच नव्हते. चात्यांवर आणि मागांवर हात बसला की झाले.

१९५९ मध्ये सतना येथे कंपनीने सिमेंटचे उत्पादन सुरू केले. त्या पिढीच्या भट्ट्यांवर ‘बर्नर’चा शब्द चाले. निळी काच डोळ्यांपुढे धरून तो ज्योतीचा रंग आणि आतला माल कसा लोळतो ते पाही, आणि त्यावरून कोळसा कमी-जास्त करी. हे कसब उस्तादाजवळ वर्षानुवर्षे उभे राहूनच येई. पदवी लागे ती मुख्यतः प्रयोगशाळेतल्या केमिस्टला.

हळूहळू प्रमाणपत्रांचे कागद आले, ते निम्मे कायद्याने आणले. १९५० मध्ये आयटीआयची योजना निघाली, १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या खाण विनियमांनी चुनखडीच्या खाणीत ब्लास्टर, मेट, फोरमन आणि मॅनेजर या प्रत्येकाला सक्षमतेचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. कारखाने कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमणे भाग पडले.

उरलेले काम यंत्रांनी केले. आजच्या कारखान्यात भट्टी चालते ती सीसीआरमधून, म्हणजे मध्यवर्ती नियंत्रण कक्षातून. पडद्यावरचे तापमान, दाब आणि वायूंचे आकडे वाचायला डिप्लोमा किंवा पदवीधारक अभियंता बसतो. मालाची रासायनिक घडण क्ष-किरण यंत्र काही मिनिटांत सांगते. पॅकिंग आणि गोण्या भरण्याच्या कामात मात्र शिक्षणाची अट आजही नावापुरतीच असते, आणि ते काम बहुतेक ठिकाणी ठेकेदाराकडे असते.

झरी-जामणी हा कोलाम आणि गोंड वस्तीचा, कापूस पिकवणारा तालुका. इथल्या पोरांना फिटर-इलेक्ट्रिशियनचा आयटीआय हा कारखान्याकडे जाणारा त्यातल्या त्यात जवळचा रस्ता. मेट-ब्लास्टरच्या परीक्षा खाण सुरक्षा महासंचालनालय घेते; त्यांना बसायला खाणीतला अनुभवही लागतो. शाळा सोडून आलेल्या गड्याने भट्टीजवळ उभे राहून उस्ताद व्हावे, ही सोय मात्र आता उरलेली नाही.